निवड समितीतली तिसरी खुर्ची

मला घेतलं, कारण नियमात लिहिलंय:
एक सदस्य स्त्री, एक सदस्य खेळाबाहेरचा.
एकाच खुर्चीत दोन्ही भागलं.
बत्तीस वर्षं मी संख्याशास्त्र शिकवते.
ऑफसाइड म्हणजे काय, ते आदल्या रात्री
भाच्याने ओट्यावर वाट्या-चमचे मांडून समजावलं.

जुने कोच साल्ढाणा सर जानेवारीत गेले.
म्हणजे वारले नाहीत.
अंतिम सामना पाच-शून्य हरलो शनिवारी,
सोमवारी त्यांच्या कपाटाला दुसरं कुलूप.
एकोणीस वर्षांत तीन करंडक.
ते अजून आहेत प्राचार्यांच्या केबिनमध्ये,
एकात पेनं, एकात रबरबँड,
तिसऱ्याचं झाकण उघडत नाही.

अर्ज एकेचाळीस. बोलावले चार.
गुणांचा तक्ता मीच आखून दिला, माझंच पाप:
परवाना तीस, अनुभव तीस,
इंग्रजी संभाषण वीस, व्यक्तिमत्त्व वीस.
व्यक्तिमत्त्वाचं एकक काय, कुणी विचारलं नाही.

पहिला पुण्याचा, टिपणीस.
लॅपटॉपवर हिरवं मैदान, त्यावर बाण, बाणांवर बाण.
"प्रक्रिया" हा शब्द त्याने नऊ वेळा उच्चारला.
मोजायची सवय जात नाही.
विश्वस्त जव्हेरींनी प्रथमच मोबाइल पालथा ठेवला.

दुसरा बँकेच्या संघाचा माजी गोलकीपर,
एवढा उंच की शिपाई पंखा बंद करायला धावला.

तिसरा आलाच नाही. त्याचा मेहुणा आला,
पगार नक्की किती ते विचारायला.

चौथा आमचाच. इम्तियाज मुकादम.
अकरा वर्षं सहायक, मानधनावर,
नागपाड्याहून माझगावात सायकलने.
शर्ट कडक इस्त्रीचा, बुटांना लाल माती.
जव्हेरी म्हणाले, तुमचं व्हिजन काय?
तो म्हणाला, सकाळी सहाला या, दाखवतो.
व्यक्तिमत्त्व: आठ.

माझी पाळी आली.
सगळ्यांना एकच प्रश्न ठेवला होता मी:
एखाद्या मुलाला संघातून वगळायचं असलं
तर त्याला कसं सांगता?

टिपणीस म्हणाला होता, डेटा दाखवतो.
गोलकीपर म्हणाला होता, फळ्यावर यादी लावतो.
इम्तियाज बशीतल्या काजूंकडे बघत राहिला.
"घरी जातो त्याच्या.
त्याची आई चहा टाकते, तेव्हा जमत नाही.
मग तो जिन्यापर्यंत सोडायला येतो,
चप्पल घालता घालता सांगतो.
एकदा नाहीच जमलं, मॅडम.
खाली उतरून आलो तसाच.
तो पोरगा मग वर्षभर खेळला."
थोडं थांबून म्हणाला, "बरा खेळला."

या उत्तराला रकाना नव्हता.
बेरीज मी दोनदा केली.
टिपणीस एक्क्याऐंशी, गोलकीपर सदुसष्ट,
इम्तियाज चौपन्न.
आकडे खोटं बोलत नाहीत, असं वर्गात सांगते मी,
आणि मुलं ते लिहून घेतात.
तिन्ही प्रतींवर सही केली.
काजू कुणी खाल्ले नव्हते, ते प्राचार्यांनी पुडीत बांधले.

एप्रिलात मैदान एका लग्नाला दिलं होतं.
दुसऱ्या दिवशी परीक्षेची ड्युटी, म्हणून लवकर पोचले,
तर हा मैदानात वाकून चालतोय,
हातात दोरी, दोरीला जुन्या स्पीकरचं लोहचुंबक.
"मांडववाले खिळे टाकून जातात. पोरं घसरतात यावर."
दर लग्नानंतर करतो म्हणे. अकरा वर्षं.
अर्जात का नाही लिहिलं?
"काय लिहू? खिळे वेचतो?"

नवे सर?
"येतील नवाला. त्यांना अजून ठाऊक नाही.
सांगेन सावकाश."

मी पर्स कट्ट्यावर ठेवली,
पदर खोचला, दुसऱ्या टोकापासून सुरू केलं.
घंटा झाली तेव्हा बिस्किटांच्या डब्यात
सत्तावन्न खिळे,
सगळ्यात जास्त गोलच्या तोंडाशी,
जिथं रात्री नवरा-नवरीचं स्टेज होतं.